शेपटीतला आरसा

"बाई, वर येऊ नका. पण जाऊही नका कुठे."

शिडीच्या टोकावरून तिखोनने हाक मारली, तेव्हा आग्निया पाव्लोव्ना हातात यादी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी होती. तेवीस वर्षे फाटकासमोरच्या चौथऱ्यावर नाक वर करून उभे असलेले विमान त्या सोमवारी उतरवले जात होते. पंख आदल्या दिवशीच निघाले होते. आता शेपटीची पाळी होती.

"काय सापडलं? घरटं?"

"घरटं असतं तर परत झाकून ठेवलं असतं."

तिखोन खाली उतरला. हातातले तेलकट फडके त्याने उलगडले. आत दांडीचा आरसा होता. बशीएवढी काच, हातभर लांब बारीक दांडी. जिथे डोके शिरत नाही तिथे बघायला जोडाऱ्यांना लागतो तसला. काच धुळीने आंधळी झाली होती, पण अख्खी होती. तिखोनने अंगठ्याने दांडी पुसली. खाली ठोकलेला आकडा दिसला. अठ्ठ्याऐंशी.

आग्नियाने हातातली यादी खिशात कोंबली.

"कुठे होता?"

"मागच्या उभ्या कण्याच्या आत, पार तळाला. सरकून पडला असणार. झाकणातून बघितलं तर दिसत नाही. ते दिसायला..." तिखोन हसला. "ते दिसायला असलाच आरसा लागतो."

"ही शेपटी याआधी कधी उघडली होती?"

"हे रिव्हेट मीच मारलेत, बाई. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये, चौथऱ्यावर चढवायच्या आधी. त्यानंतर आज."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी ती चौकशीवाली माणसं आली होती. एकाने झाकणातून बॅटरी मारली, 'काही नाही' म्हणाला आणि गेला. जेवायची वेळ झाली होती."

आग्नियाने आरसा घेतला. फडक्यासकट छातीशी धरला.

"कुणाला सांगू नकोस."

"काय सांगणार? आरसा सापडला म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "तेच."

*

चिबिस म्हणजे टिटवी. आमच्या लुगोवेत्स गावात कारखान्यालाही चिबिस म्हणत आणि त्याच्या विमानालाही. एक्केचाळीसच्या हिवाळ्यात आगगाडीने यंत्रे आली. ती बर्फातच उतरवली. भिंती नंतर उठल्या, छप्पर त्याहून नंतर. पहिले लढाऊ विमान छपराच्या आधी बाहेर पडले, हे सांगताना आमची म्हातारी माणसे अजून खुर्चीत ताठ बसतात. युद्ध संपल्यावर कारखान्याने घसरगाड्या केल्या, पातेली केली. मग टिटवी आली. दोन इंजिने, चौदा माणसे, कुठल्याही गवताळ माळावर उतरणारी. सुईणी, टपाल, वासरे, नववधू, सगळे तिने वाहिले. सकाळी इंजिनांची चाचणी सुरू झाली की गावातल्या कपाटांतले पेले किणकिणत आणि त्यावर आम्ही घड्याळे लावत असू. गेल्या सहा वर्षांत मागणी आटली. शेवटी शेवटी पुन्हा पातेलीच. आणि या वसंतात फाटकाला कुलूप लागले.

उरले होते कारखान्याचे संग्रहालय. एक दालन, भिंतीवर मजकूर लिहिलेले बारा फळे. शुक्रवारी कामा नदीवर मालनौका येणार होती. विमान, फळे, काचेची कपाटे, सगळे चढवून जिल्ह्याच्या मोठ्या संग्रहालयात नेणार होती. तिथे फळे जसेच्या तसे भिंतीवर लागणार होते.

आग्निया त्या दालनाची राखणदार. त्याआधी एकोणतीस वर्षे ती तपासनीस होती. तिच्या शिक्क्याशिवाय एकही टिटवी धावपट्टीवर जात नसे.

नववा फळा तिला पाठ होता. तो तिनेच लिहिला होता.

"२१ मे १९७४. नव्या टिटवीचे पहिले उड्डाण. वैमानिक साव्वा ग्रोमिलिन आणि यंत्रज्ञ रोदिओन बेर्सेनेव्ह यांचा मृत्यू. कारण: जोडारी एफिम लोबोव्ह याने विमानात विसरलेला पाना."

दरवर्षी एकवीस मेला एफिमची बायको तैसिया यायची. नवव्या फळ्यापुढे उभी राहायची, वाचायची, जायची. बोलायची नाही. यंदा मात्र जाता जाता दारात थांबली होती.

"हे शहरात लावणार ना? इथे निदान त्याला ओळखणारे वाचायचे. तिथे ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही ते वाचतील, आणि पुढच्या फळ्याकडे जातील."

आता फडक्यात गुंडाळलेला आरसा तिच्या टेबलावर होता, आणि शुक्रवार चार दिवसांवर.

*

दालनाच्या टोकाला हत्यारांच्या स्टोअरची जुनी खिडकी होती, फळकुटासकट, जशीच्या तशी बसवलेली. तिच्यामागे लाकडी फळा, फळ्यावर आकडे घातलेल्या खुंट्या, खुंट्यांवर जुनी हत्यारे. शाळेच्या मुलांना आग्निया हेच सगळ्यात आधी दाखवायची.

प्रत्येक जोडाऱ्याला पितळेचे पाच बिल्ले मिळत. पाचही बिल्ल्यांवर त्याचा एकच आकडा. खिडकीशी जायचे, हत्यार मागायचे, बिल्ला द्यायचा. स्टोअरवाली हत्यार काढून त्याच खुंटीवर बिल्ला अडकवणार. हत्यार परत, की बिल्ला परत. पाळी संपली की फळा बघायचा. ज्या खुंटीवर बिल्ला, ते हत्यार बाहेर. ते मिळेपर्यंत विमान हलायचे नाही. हत्यार मोडले, तर दांडीचा आकड्याचा तुकडा कापून बाद केल्याच्या कागदाला तारेने बांधायचा आणि खुंटीवर लाल पत्रा लावायचा.

बिल्ला खोटे बोलत नाही, असे आम्ही म्हणायचो. माणूस विसरतो, बिल्ला विसरत नाही.

विमान माळावर पडले, तेव्हा जळक्या सांगाड्यात सुकाणूच्या दांड्यांखाली एक लांब पाना अडकलेला सापडला. आकडा एकतीस. फळ्यावर एकतीसच्या खुंटीवर बिल्ला होता दोनशे चौदा. एफिम लोबोव्हचा.

तो बिल्लाही नवव्या फळ्याखाली काचेत ठेवलेला होता. खटल्यानंतर न्यायालयाने तो आणि पाना परत पाठवले होते; पाना पुन्हा एकतीसच्या खुंटीवर होता.

एफिमला सात वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्या हिवाळ्यात, उत्तरेकडे लाकूडतोडीवर, न्यूमोनियाने तो गेला.

*

"काय म्हणायचा एफिम? अगदी शब्दशः आठवून सांग, ताया."

तैसिया ओट्यावर बटाटे सोलत होती. सुरी थांबली नाही.

"आज कशाला? एकवीस तारीख होऊन गेली की."

"सांग."

"तोच तोच पाढा. 'माझे चार बिल्ले खिशात होते. पाचवा आरशावर होता. पान्याला मी हात लावला नाही. मी त्या दिवशी पहिल्या विमानात पाऊलही टाकलं नाही, मी दुसऱ्याच्या शेपटीत होतो.' भेटायला गेले तेव्हाही हेच. काचेपलीकडून एकेक बोट मिटून दाखवायचा, एक, दोन, तीन, चार खिशात, पाचवा आरशावर."

"मग आरसा कुठे गेला म्हणायचा?"

"भोंगा झाला तेव्हा शेपटीतच टाकून माळाकडे धावला. सगळेच धावले. परत आला तर दुसऱ्या विमानाभोवती, नंतर फाटकापुढे चढवलं त्याच्याभोवती, पहारा. चौकशीवाल्यांनी बघितलं म्हणे, आरसा नव्हता. आणि आरसा तर आधीच फुटून बाद झालेला होता, कागद होता तसा." तिने बटाटा पाण्यात टाकला. "आग्निया पाव्लोव्ना, मला पहिली दहा वर्षं आशा होती. ती फार वाईट असते. नक्की काही नसेल तर मला काही सांगू नका."

"नाही सांगत."

"बसा, चहा घ्या. ग्लाशा मावशीने काल मुरंबा पाठवलाय. एवढी म्हातारी झाली तरी विसरत नाही. पोरीचे पहिले बूट तिनेच आणले होते. स्वतःचा पोरगा गेलेला, आणि ज्याच्यामुळे गेला म्हणतात त्याच्या घरी बूट घेऊन आली. असं माणूस नसतं हो."

आग्नियाने मुरंब्याची बरणी पाहिली. झाकणावर ओळखीच्या अक्षरात लिहिले होते: काळी बेरी, ९६.

*

ग्लाफिरा मत्वेयेव्ना बेर्सेनेवा, सगळ्यांची ग्लाशा मावशी. चौतीस वर्षे हत्यारांच्या खिडकीत बसली. आग्नियाची चाळीस वर्षांची मैत्रीण. दोघींच्या बागा नदीकाठी शेजारी शेजारी होत्या. मधले कुंपण कधीच पडले होते, कुणी उभारले नव्हते.

"अगं आग्नुशा! हडकलीस. बस. भाजलेले पिरोग आहेत, कोबीच्या सारणाचे, अंड्याचे संपले. मेली आमची मांजर."

"मांजर मेली?"

"मरायला! खाऊन झोपलीय बघ कशी."

आग्निया हसली. मग चहाचा पेला हातात फिरवत म्हणाली, "ग्लाशा, यादी करतेय. दांडीचे आरसे होते ना आपल्याकडे?"

"अठ्ठ्याऐंशी? तो फुटला होता गं. कधीच बाद केला."

"हं." आग्नियाने साखरेचा खडा दाताखाली धरला. बराच वेळ फोडला नाही.

भिंतीवर तिच्या मुलाचा, रोदिओनचा फोटो होता, उड्डाणाच्या टोपीतला. सव्वीस वर्षांचा. खाली ताजी फुले.

"त्या दिवशी तुला भेटला होता का गं तो? निघायच्या आधी?"

"भेटला तर. खिडकीशी आला, उभ्या उभ्या पिरोग खाल्ला. त्याला कसला धीर. म्हणतो, आई, विमानात माझ्या पायाखालची पट्टी वाजते, टिटवी फार बोलते, तोंड बंद करतो तिचं." ग्लाफिरा हसली, आणि हसता हसताच तोंड पुसले. "दहा वाजले होते. हातपण पुसले नाहीत मेल्याने, माझ्या एप्रनला पुसले."

"दहा?"

"बातम्यांचे ठोके पडले ना रेडिओवर. का गं?"

"काही नाही. पिरोग छान झालेत."

जिन्यात उतरताना आग्निया दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि यादीच्या पाठीवर लिहिले: दहा वाजता. शेजारचा कुत्रा दारामागे भुंकत राहिला.

*

वेनिअमिन अर्कादिएविच हा जोडणी विभागाचा तेव्हाचा प्रमुख. बाद केल्याच्या प्रत्येक कागदावर त्याची सही असे. आणि उड्डाण एकवीस मेलाच झाले पाहिजे म्हणून टेबलावर मूठ आपटणाराही तोच होता. दोषी हाच निघावा, असे आग्नियाला मनापासून वाटत होते. त्याच्यावर रागवायला सोपे गेले असते.

तो गच्चीत टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता.

"आलात? तेवीस वर्षं मी म्हणतोय, कुणीतरी येईल आणि विचारेल, घाई का केलीस."

"घाईचं नंतर. त्या दिवशी हत्यारांचा फळा तुम्ही पाहिलात?"

"दुपारी एकला. चौकशीवाल्यांच्या समोर."

"काय होतं?"

"सगळी हत्यारं जागेवर. एकतीसला पाना नाही, बिल्ला दोनशे चौदा."

"आणि अठ्ठ्याऐंशीला?"

"लाल पत्रा. बाद झालेलं."

"आरसे किती होते आपल्याकडे?"

"सहा. पंच्याऐंशी ते नव्वद. का?"

"बाद केल्याचा कागद एकवीस मेच्या आधीचा होता म्हणतात. त्यावर तुमची सही असणार. आरसा फुटलेला तुम्ही पाहिला होता?"

म्हाताऱ्याने दोरी सोडली.

"बाई, खरं सांगू? ग्लाशा महिन्याला कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणायची. मी सह्या करून द्यायचो. ती नंतर भरायची. तिच्यावर अविश्वास कोण दाखवणार? तिच्या खिडकीतून सुईसुद्धा बिल्ल्याशिवाय बाहेर गेली नाही. मी स्वतः, विभागाचा प्रमुख, पाना मागितला तर म्हणाली, आधी बिल्ला!"

"तुमच्याकडे होता?"

"कुठला! बिल्ले जोडाऱ्यांना. आम्हाला नाहीत, तुम्हा तपासनिसांना नाहीत, उड्डाणाच्या पथकाला नाहीत. मला हात हलवत परत पाठवलं तिने." तो हसला. मग आग्नियाचा चेहरा पाहून थांबला. "काय झालं?"

"रोपांना पाणी कमी घाला," आग्निया म्हणाली. "मुळं कुजतील."

*

जुने कागद संग्रहालयाच्या तळघरात होते. बुधवारी दुपारपर्यंत तिने चौऱ्याहत्तरचा गठ्ठा चाळला. पक्कड सतरा, मोडली. कागदाला तारेने बांधलेला तुकडा, त्यावर सतरा. कानस एकशे दोन. तुकडा होता. हातोडी बावन्न. तुकडा होता.

आरसा अठ्ठ्याऐंशी, काच फुटली, १४ मे. तार होती. तारेचा फास नीट वळलेला होता. फासात काहीच नव्हते.

आग्नियाने टेबलावर आरसा ठेवला, शेजारी कागद. आरशात तिला स्वतःचा अर्धा चेहरा दिसला. तिला तिचे एक वाक्य आठवले. तिने ते चौऱ्याहत्तरमध्ये चौकशीत तीनदा सांगितले होते आणि तिन्हीदा तिला विचारले होते, नक्की का? मग तिलाच ते नक्की वाटेनासे झाले. आणि पुढे तिने आपल्याच हाताने नववा फळा लिहिला.

*

गुरुवारी बारा वाजता तिने दोघींना बोलावले. तिखोनला दाराशी उभे केले, कुणी आत येऊ नये म्हणून. फळे भिंतीवरून उतरवून पुठ्ठ्यात बांधले होते, नववा सोडून. तैसिया त्याच्यापुढे उभी राहिली, सवयीने. ग्लाफिरा स्टोअरच्या जुन्या खिडकीपाशी गेली, तीही सवयीनेच. आपल्याच जुन्या स्टुलावर बसली.

"निरोप समारंभ आहे का गं? काही खायला आणलं असतं."

आग्नियाने फडके उलगडले आणि आरसा खिडकीच्या फळकुटावर ठेवला.

ग्लाफिराचा हात आपोआप पुढे आला, आकडा वाचायला, जसा चौतीस वर्षे यायचा. अर्ध्या वाटेत थांबला.

"सोमवारी हा दुसऱ्या विमानाच्या शेपटीत सापडला, ताया," आग्निया म्हणाली. "एफिमने टाकला होता तिथेच. तू रोज त्याच्या खालून कामाला गेलीस. आम्ही सगळेच."

तैसियाने खांबाला हात टेकला. "म्हणजे तो..."

"पूर्ण ऐक. आरसा अख्खा आहे. कागद म्हणतो, चौदा मेला फुटला. फुटला असता तर हा आकडा कापून कागदाला बांधलेला असता. कागदाला नुसती तार आहे. म्हणजे कागद खोटा. आणि आरसा शेपटीत होता, म्हणजे एकवीस मेला एफिमचा पाचवा बिल्ला अठ्ठ्याऐंशीच्या खुंटीवर होता. तो तिथून कुणीतरी काढला आणि एकतीसला अडकवला. फळ्याला हात कोण लावू शकतं? खिडकीच्या आत बसणारं माणूस. एकच."

"आग्नुशा," ग्लाफिरा म्हणाली.

"मी तुला आरशांबद्दल विचारलं, तेव्हा मी आकडा सांगितला नव्हता. आपल्याकडे सहा होते. तू लगेच म्हणालीस, अठ्ठ्याऐंशी."

मांडीवरची पिशवी ग्लाफिराने घट्ट धरली.

"मग प्रश्न उरला, का," आग्निया म्हणाली. "एकतीसची खुंटी रिकामी होती. पाना नाही आणि बिल्लाही नाही. बिल्ल्याशिवाय तू विभागप्रमुखाला हत्यार दिलं नाहीस. ज्याच्याकडे बिल्लाच नसतो अशा कुणाला तू दिलं असतंस, ग्लाशा? त्या सकाळी नऊला मी बॅटरी घेऊन पहिल्या विमानात पायाखालच्या पट्ट्यांखाली, सुकाणूच्या दांड्यांपाशी पाहिलं होतं. पाना नव्हता, चौकशीत तीनदा सांगितलं होतं मी. मी शिक्का मारला. त्यानंतर विमानात चढायची परवानगी फक्त दोघांना होती. आणि दहा वाजता एकजण तुझ्या खिडकीशी आला. पायाखालची पट्टी वाजते म्हणून."

दाराशी तिखोनने टोपी काढली.

"हात पुसले नव्हते त्याने," ग्लाफिरा म्हणाली. "मी म्हटलं, बिल्ला? तो म्हणाला, आई, मी तुझाच आहे, मीच तुझा बिल्ला. अर्ध्या तासात आणून देतो. चौतीस वर्षांत एकदा. एकदाच, आग्नुशा."

"पुढे?"

"भोंगा झाला. सगळे पळाले. मला खिडकी सोडता येत नाही, नियम आहे. मी बसून राहिले. फोन वाजला, त्यांनी सांगितलं. मी वळले तर समोर फळा. एकतीसची खुंटी मोकळी. मला तेव्हाच कळलं, पाना सापडायच्या आधी." ती तैसियाकडे बघत नव्हती, खुंट्यांच्या फळ्याकडे बघत होती. "म्हणतील, स्वतःही मेला आणि साव्वाला घेऊन गेला. त्याला झेंड्यात गुंडाळून पुरणार होते. मी बिल्ला उचलला. हाताला लागला तो उचलला, कुणाचा ते नंतर वाचलं. वाटलं, एफिम म्हणेल आरसा माझ्याकडे आहे, आरसा सापडेल, घोटाळा झाला म्हणून सोडतील. मग चौकशीवाला येऊन म्हणाला, तो कुठल्यातरी आरशाचं सांगतोय. तोवर अठ्ठ्याऐंशीची खुंटी उघडी दिसू नये म्हणून मी तिथे लाल पत्रा लावून बसले होते. सही केलेला कोरा कागद खणात होता. पहिलं खोटं झाकायला दुसरं."

"आणि सात वर्षांची शिक्षा ऐकलीस तेव्हा?"

"रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मग रोद्याच्या फोटोखालचं पाणी बदलायची, फुलं बदलायची. संध्याकाळ व्हायची. मग एफिम गेल्याची तार आली. मग कुणाला सांगायचं?"

"मला," तैसिया म्हणाली.

कबुली ऐकल्यावर तिचा हा पहिलाच शब्द होता. ती हळू चालत खिडकीपर्यंत आली. फळकुटाच्या अलीकडे ती, पलीकडे ग्लाफिरा.

"माझ्या पोरीला तुम्ही बूट आणलेत."

"हो."

"ती वाकून तुम्हाला नमस्कार करायची, मावशी. मी शिकवलं होतं तिला."

ग्लाफिरा स्टुलावरून उठली, काठी न घेता, आणि आग्नियाला म्हणाली, "फळ्यावरची ओळ पूस. लिही: पाना बिल्ल्याशिवाय दिला, स्टोअरवाली ग्लाफिरा बेर्सेनेवा हिने. बिल्ला फिरवला तोही तिनेच. रोद्याने मागितला, पण द्यायचा नव्हता मी. माझं नाव लिही. मोठ्या अक्षरात, शहरातल्यांना वाचता येईल असं."

आग्नियाने ओल्या फडक्याने नवव्या फळ्याची शेवटची ओळ पुसली. इतक्या वर्षांचा रंग, एकदम निघाला नाही. ती घासत राहिली. मग बारीक कुंचल्याने लिहायला बसली. तिचे अक्षर पूर्वीसारखे सरळ येत नव्हते. "जोडारी एफिम लोबोव्ह निर्दोष," हे शब्द तिने सगळ्यात आधी लिहिले. बाकीचे नंतर.

ते वाळेपर्यंत तिघी थांबल्या.

"शेवटचं काय बोलला तो तुमच्याशी?" तैसियाने विचारले. "आरसा नेताना. मी त्या दिवशी माहेरी होते. माझ्याशी तो मोकळा असताना शेवटचं काय बोलला, ते मला आठवतच नाही."

ग्लाफिराने डोळे मिटले.

"पाचवा बिल्ला टाकला आणि म्हणाला, घ्या मावशी, आता मी हमामखान्यात असतो तसा झालो, अंगावर काही राहिलं नाही. पाळी संपली की सगळं परत करतो, माझे बिल्ले मोजून ठेवा."

तैसिया हसली. तेवीस वर्षांनी नवऱ्याच्या विनोदाला. हसू तोंडावर राहिले आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिले.

मग तिने फळकुटावरचा आरसा उचलला. डोक्यावरच्या रुमालाने काच पुसली, दांडी पुसली. आकडा वर येईल असा तो पुन्हा खिडकीत ठेवला, नीट, दोन्ही हातांनी, जसे पाळी संपल्यावर ठेवतात.

"अठ्ठ्याऐंशी परत," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. "बिल्ला द्या."

आग्नियाने नवव्या फळ्याखालची काच उघडली. पितळी बिल्ला ग्लाफिराच्या तळहातावर ठेवला. म्हातारीने आरसा घेतला, मागे वळली, बोटांनीच अठ्ठ्याऐंशीची खुंटी शोधली आणि तो अडकवला. मग बिल्ल्यावरचा दोनशे चौदा आकडा एकदा वाचून तिने तो तैसियाच्या ओंजळीत टाकला.

तैसियाने मूठ मिटली.

फळा भरला होता. आता एकही हत्यार बाहेर नव्हते.